वहिनींचा थोरला पवईला चालला

‘मेटलर्जी म्हणजे भंगाराचंच ना हो?’ बँकवाल्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं आणि वहिनींचा चेहरा असा काही झाला की मला शेवग्याच्या शेंगा बाजूला ठेवून मध्ये पडावं लागलं.

‘भंगाराचं नव्हे, धातूंचं,’ मी म्हटलं. ‘पोलाद कसं घडतं, विमानाच्या इंजिनातली पाती एवढ्या उष्णतेत का टिकतात, असलं सगळं. आणि मनोहर पर्रीकर हेच शिकले होते, तिथेच. १९७८ साली बाहेर पडले.’

‘ते मुख्यमंत्री झाले.’

‘“दंगल”चे दिग्दर्शक, नितेश तिवारी, तेही तिथले मेटलर्जीचेच.’

‘ते सिनेमे काढतात.’ काकू शांतपणे म्हणाल्या. ‘म्हणजे मेटलर्जी केलेला माणूस मेटलर्जी सोडून काहीही करतो. बरंय की मग. भंगारात तरी जाणार नाही पोरगा.’

काकू निवृत्त होईपर्यंत बँकेत कॅशला होत्या. समोरच्यानं टाकलेला आकडा आपल्या खात्यात कसा जमा करून घ्यायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

सांगलीत, आमच्या विश्रामबागेतल्या या गल्लीत घरांमधल्या भिंती कमरेएवढ्याच आहेत. जूनमध्ये जेईई ॲडव्हान्स्डचा निकाल लागला, मग जागावाटपाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि वहिनी रोज नवा शब्द घेऊन भिंतीपाशी यायला लागल्या. फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. ‘आज फ्लोट केलंय,’ त्या सांगायच्या आणि आम्ही माना डोलवायचो. मिळालेली जागा धरून ठेवायची आणि वरची मिळते का बघत राहायचं, त्याला फ्लोट म्हणतात हे मला भाचीनं फोनवर समजावलं. काकूंना ते एका वाक्यात कळलं. ‘एफडी मोडायची नाही, पण दुसऱ्या बँकेचा रेट विचारून ठेवायचा,’ म्हणाल्या. शेवटी आयआयटी मुंबई, मेटलर्जी, फ्रीझ.

‘पण कॉम्प्युटर का नाही मिळालं?’ काकूंचा पुढचा प्रश्न.

‘पवईचं कॉम्प्युटर खुल्या गटात देशातल्या पहिल्या साठ-सत्तर मुलांतच संपतं हो,’ वहिनी कळवळून म्हणाल्या. ‘चौदा-पंधरा लाख पोरं बसतात पहिल्या परीक्षेला. त्यातनं हा काही हजारांत आला.’

‘काही हजार!’ काकूंनी तोंडावर हात ठेवला. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या मेरिट लिस्टवर वाढलेली पिढी ही. नंबर म्हणजे पहिल्या पन्नासात, नाहीतर तो नंबरच नव्हे. ‘मग इथलं वालचंद काय वाईट होतं? १९४७ पासूनचं कॉलेज. सायकलवर गेला असता, दुपारी घरी जेवला असता.’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून त्यांना हे तिसऱ्या घरातून ऐकायला मिळत होतं.

गल्लीचं मत असं पडलं होतं की पोरगं हातचं गेलं. कसं गेलं, यावर मात्र एकमत नव्हतं. कोपऱ्यावरच्या आजींच्या मते तो पुस्तकात डोकं घालून घालून तिशीच्या आत टकला होणार, चष्मा लागणार आणि चार माणसांत बोलायला विसरणार. किराणावाल्याच्या मते तो अमेरिकेला जाणार, परत आलाच तर मराठीत ‘ॲक्चुअली’ घालून बोलणार आणि दुकानातल्या शेंगदाण्यांना नाकं मुरडणार. काकूंच्या सुनेनं मोबाइलवर प्रयागराजच्या महाकुंभातला तो ‘आयआयटी बाबा’ दाखवला होता. पवईत एरोस्पेस शिकून भस्म फासून बसलेला. म्हणजे तिसरी शक्यता, संन्यास. आणि काकूंचे यजमान, जे एरवी भिंतीपाशी येत नाहीत, ते खास येऊन म्हणून गेले, ‘वर्षाला एक कोटी. लिहून ठेवा.’

एकच पोरगं. बुजरं, शिष्ट, बैरागी आणि करोडपती. त्या बिचाऱ्याला अजून हॉस्टेलचा खोली नंबरसुद्धा कळलेला नव्हता.

‘एक कोटीचं काय ते खरं सांगा,’ वहिनी हळूच म्हणाल्या. आईचंही मन असतं.

मी भाचीकडून घेतलेली माहिती पुढे केली. २०२३-२४ च्या हंगामात पवईत एक कोटीच्या वरच्या नोकऱ्या घेतलेली मुलं होती २२. नोकऱ्या लागल्या चौदाशेच्या वर. सरासरी पगार साडेतेवीस लाख आणि सगळ्यात कमी, चार लाख. पेपरात पहिल्या पानावर कोण येतं? ते बावीस.

‘चार लाख?’ काकू. ‘आयआयटी करून?’

‘होय.’

‘बघा,’ काकू वहिनींना म्हणाल्या, ‘म्हणून म्हणत होते, वालचंद.’

या बाईंशी वाद घालून उपयोग नाही. त्या कुठल्याही पुराव्यानं वालचंदलाच पोचतात.

खरं तर माझ्याकडे गल्लीपेक्षा चांगला साक्षीदार होता. माझी भाची २०११ ला पवईत गेली, सिव्हिलला. आता पुण्यात असते. तिला चार वर्षं तिथं जे सोसावं लागलं, त्याहून जास्त सुट्टीला घरी आल्यावर सोसावं लागलं असं तिचं म्हणणं आहे. मिक्सर बंद पडला की हिच्यापुढे. सेट-टॉप बॉक्सवर ‘नो सिग्नल’ आलं की हिच्यापुढे. ‘मावशी, मी धरणाची भिंत शिकते गं, रिमोट नाही,’ ती रडकुंडीला यायची. त्यावर मिक्सरवाल्या मामांचं उत्तर ठरलेलं, ‘मग आयआयटीत शिकवतात तरी काय?’

तिनं मला तिथल्या गोष्टी सांगितल्या त्या मी काकूंना पुरवून पुरवून सांगते. साडेपाचशे एकरांचा परिसर, एका अंगाला पवई तलाव, मागे डोंगर. तलावात मगरी आहेत आणि रात्री बिबट्या फिरतो.

‘बिबट्या?’ वहिनी.

‘दिसतो अधूनमधून. संजय गांधी उद्यान जवळच. मुलांना सवय असते.’

‘आणि तुम्ही मला हे आज सांगताय?’

मग विषय बदलावा म्हणून मी गाईचं सांगितलं. २०१९ च्या पावसाळ्यात तिथं चालू वर्गात गाय शिरली होती, त्याचा व्हिडिओ सगळ्या देशानं पाहिला. काकूंना हे फार आवडलं. ‘गाय काय आणि पोरं काय, हजेरी लावायला आली असेल,’ म्हणाल्या. हजेरीचं मी त्यांना सांगायला गेले नाही. ती कमी पडली तर तिथं विषय गेला म्हणतात. वहिनींना तेवढ्या बातम्या एका दिवसात पुरेशा होत्या.

आंघोळीचा मुद्दाही निघाला, तो निघणारच. आयआयटीची पोरं आंघोळ करत नाहीत, हे काकूंना कुणी सांगितलं देव जाणे. मी भाचीला विचारलं होतं. ती म्हणाली, परीक्षेच्या आठवड्यापुरतं खरं आहे. आणि पीएएफच्या आठवड्यात तर शंभर टक्के खरं आहे.

पीएएफ म्हणजे तिथला नाटकाचा मोठा खेळ. दोन-तीन हॉस्टेलं मिळून लिहितात, बसवतात, गातात, नाचतात आणि खुल्या रंगमंचावर करतात. बांबू, कापड, पुठ्ठा आणून सेट स्वतः उभा करायचा. भाचीनं एका वर्षी रात्र-रात्र जागून किल्ल्याचा बुरूज रंगवला आणि सकाळी स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला झोपली. ‘बुरूज पडला नाही ना?’ मी विचारलं होतं. ‘तोच तर माझा स्ट्रक्चर्सचा एकमेव चांगला प्रॅक्टिकल,’ ती म्हणाली. डिसेंबरात त्यांचा मूड इंडिगो असतो, पन्नास वर्षांहून जुना महोत्सव. देशभरची कॉलेजं येतात. पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या मुलांनी हे सगळं उभं केलं असेल तर त्यांची डोकी पुस्तकातनं वर आली असणार, एवढं तरी गल्लीनं मान्य करायला हरकत नाही.

पण गल्ली मान्य करत नाही. गल्लीच काय, ती पोरंही करत नाहीत, ही खरी गंमत. बाहेरचे त्यांच्यावर शिक्के मारतात ते बोथट. आत गेल्यावर ती एकमेकांवर मारतात ते धारदार.

‘सारखा अभ्यास करणारा असला की तो “मग्गू”,’ मी सांगितलं. ‘काहीच न करता पडून राहणारा “लुक्खा”. नऊच्या वर पॉइंट असले की “नाइन पॉइंटर”. कुणी खेळाचा, कुणी नाटकाचा, कुणी यंत्रमानव बनवणारा. पहिल्या सत्रात चिकटलेलं चौथ्या वर्षापर्यंत सुटत नाही.’

‘आणि मुली?’ काकूंनी विचारलं.

‘मुलींना “नॉन-मेल” म्हणायची.’

काकू गप्प झाल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे. मग म्हणाल्या, ‘बँकेत लागले तेव्हा शाखेत आम्ही दोघी होतो. मॅनेजर आम्हाला “लेडीज स्टाफ” म्हणायचा. नाव घ्यायचा नाही.’

भाचीच्या वेळी शंभरात आठ-दहा मुली. वर्गात शंका विचारायला तिनं हात वर केला की मागं वळून बघायची पोरं. २०१८ पासून मुलींसाठी जास्तीच्या जागा काढल्या, त्या वर्षी १४ टक्के, पुढं १७, मग २०. आता पाचात एक मुलगी आहे. आणि लगेच नवा शिक्का तयार, ‘ही जास्तीच्या जागेवरची’. भाची म्हणते, आमच्यावेळी ‘मुलगी असून इथपर्यंत आली’ म्हणायचे, आता ‘मुलगी म्हणून आली’ म्हणतात. पोरी त्याच, परीक्षाही तीच.

तेवढ्यात काकूंनी आवाज खाली आणला. मला भीती होतीच. ‘बरं, कुठल्या कॅटेगरीतनं मिळालं?’

वहिनींनी शेंगेची सालं गोळा करायला सुरुवात केली.

हा प्रश्न आमच्याच भिंतीवरचा आहे असं नाही. पवईत तो जरा सभ्य कपडे घालून फिरतो. तिथं कुणी जात विचारत नाही. ‘तुझा रँक काय?’ एवढंच विचारायचं. रँक कळला की उरलेलं सगळं कळतं आणि मग ते पोरगं चार वर्षं काहीही करून दाखवो, बघणाऱ्याच्या डोळ्यात तो आकडा राहतो. २०२३ मध्ये संस्थेनं लेखी सूचनाच काढल्या, की एकमेकांना जेईईचा रँक किंवा गेटचे गुण विचारू नका, त्यातून जात काढण्याचा प्रयत्न होतो असं वाटू शकतं. देशातल्या सगळ्यात हुशार म्हणवल्या जाणाऱ्या पोरांना हे लिहून द्यावं लागलं. आपण गल्लीतल्या बायका निदान तोंडावर तरी विचारतो, असं म्हणून मी काकूंना पाठीशी घालणार नाही. मी म्हटलं, ‘काकू, नियम आहे तिथं. विचारायचं नाही.’

‘इथं कुठं नियम आहे?’ काकू.

‘आजपासून आहे,’ वहिनी म्हणाल्या. मला वाटतं या भिंतीवर त्यांनी काकूंना पहिल्यांदाच उत्तर दिलं.

बरं झालं, त्याच वेळी सर आले. सर म्हणजे गल्लीच्या टोकाचे निवृत्त गणिताचे शिक्षक. दूध आणायला निघतात आणि विषय मिळाला की पिशवी हातात तशीच राहते. त्यांनी १९५८ काढलं. पवईची संस्था सुरू झाली तेव्हा पवईत नव्हतीच, वरळीला एका इमारतीत वर्ग भरले. १०० जागांना ३,४००च्या वर अर्ज. नेहरूंनी १९५९ च्या मार्चमध्ये पवईला पायाभरणी केली. युनेस्कोमार्फत रशियाची मदत, रशियन प्राध्यापक, रशियन यंत्रं.

‘रशियाच्या पैशानं शिकले आणि अमेरिकेला गेले,’ काकू म्हणाल्या.

‘गेले, खूप गेले,’ सरांनी कबूल केलं. ‘पण तुम्ही त्या ७८ सालाकडे बघा. त्या एका वर्षी बाहेर पडलेल्यांत तिघं जण सांगतो. पर्रीकर, ते गोव्यात आले, हाफ शर्ट आणि चपला घालून मुख्यमंत्री झाले. नंदन नीलेकणी, त्यांनी इन्फोसिसमध्ये आयुष्य घातलं आणि पुढं तुमचं-माझं आधार केलं. आणि तिसरा आपला नरेंद्र करमरकर. अमेरिकेला गेला. बेल लॅब्जमध्ये १९८४ ला त्यानं लिनियर प्रोग्रॅमिंगची अशी रीत काढली की जगभरच्या गणितवाल्यांना खुर्च्या सरसावून बसावं लागलं.’ सरांचा आवाज करमरकरांपाशी भरून येतो. पर्रीकर आणि नीलेकणी हे त्यांच्या दृष्टीनं तिथवर पोचायची पायरी. ‘आता सांगा, आयआयटीवाला म्हणजे यातला कुठला?’

‘करमरकरांना टक्कल होतं का?’ काकूंनी विचारलं.

सरांनी उत्तर दिलं नाही.

वहिनी इतका वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘सर, काल रात्री तो जेवायला बसला आणि म्हणाला, आई, तिथं मी शेवटचा आलो तर?’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘काय म्हणणार? म्हटलं, तू हुशार आहेस. तर ताट सरकवून उठला.’

यावर मात्र मला बोलायचं होतं, कारण भाचीनं नेमकं हेच सांगितलं होतं. बुजरा म्हणा, शिष्ट म्हणा, मिक्सरवाला म्हणा, हसून सोडता येतं. ‘हुशार’ सोडता येत नाही. आख्खी गल्ली हुशार म्हणते, आई-बाप म्हणतात, शाळेनं पुढच्या चौकात फलक लावलेला असतो. आणि पहिल्या सत्रात क्वांटमच्या तासाला काही म्हणजे काही कळत नाही. शेजारचा मान डोलावतो म्हणून हाही मान डोलावतो. शेजाऱ्यालाही कळत नसतं, तो याला बघून मान डोलावत असतो. भाचीला पहिल्या सत्रात दोन विषयांत डीडी मिळालं, म्हणजे जेमतेम पास. आठवडाभर तिनं घरी फोन केला नाही. मग हॉस्टेल दहामधली एक सीनियर मुलगी खोलीत आली, स्वतःचं पहिल्या सत्राचं गुणपत्रक हिच्या पुढ्यात टाकलं आणि चहाला घेऊन गेली. त्या गुणपत्रकावर एक एफआर होता, नापासाचा. आणि ती मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला, अख्ख्या हॉस्टेलात मोठी हुशार म्हणून प्रसिद्ध.

‘हे सरळ गणित आहे हो,’ सर म्हणाले. त्यांनी पिशवी भिंतीवर ठेवली, म्हणजे आता दूध गेलंच. ‘तेराशेच्या आसपास पोरं घेतात बी.टेक.ला. प्रत्येक जण आपापल्या वर्गात पहिला-दुसरा. एकत्र बसवल्यावर त्यातली साडेसहाशे खालच्या अर्ध्यात जाणारच. न जाऊन जातील कुठं? त्यात कुणी ढ झालं नाही, नुसती रांग बदलली. पण त्या साडेसहाशेतला प्रत्येक जण समजतो, आपण एकटेच घसरलो.’

‘मग त्याला काय सांगू?’

‘हेच सांगा. आकडे घालून सांगा, मुलगा आहे तो, त्याला पटेल. आणि डीडीला चहा असतो तेही सांगा.’

‘आणि नापास झाला तर?’ वहिनींनी शेवटी तो शब्द काढलाच.

‘विषय परत करायचा. त्यासाठीच तर परत असतो,’ सर म्हणाले. मी वहिनींना सांगून ठेवलं, की तिथं विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, वेलनेस सेंटर आहे, त्याचा नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून घे म्हणावं, गेटच्या नंबरासारखा. लागेल म्हणून नव्हे, असावा म्हणून. काकू यावर काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच म्हणाल्या, ‘माझापण घाला. मी जागी असते रात्री.’

तेवढ्यात थोरला स्वतःच स्कूटी लावून आला. हातात बादली, मग्गा आणि प्लास्टिकचे हँगर. सहा फुटाला दोन इंच कमी आणि वजन बावन्न किलो. भिंतीशी चौघं जण आपल्याकडेच बघताहेत म्हटल्यावर त्यानं खाली मान घालून आत सटकायचा प्रयत्न केला.

‘बघा, बुजरा झालाच,’ काकू म्हणाल्या.

‘अरे थांब,’ मी हाक मारली. ‘भडंग किती नेणार आहेस?’

‘एक किलो, मावशी.’

‘एक किलोनं काय होतंय? सांगलीचा म्हटल्यावर आख्खा मजला येईल खोलीत. तीन तरी ने.’ भाचीचा अनुभव आहे. तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, सांगली म्हणजे ऊस ना? हळद ना? आणि तिच्या वर्गातला आमच्याकडचाच एक मुलगा होता, त्याला तर थेट ‘पैलवान’ नाव पडलं. चार वर्षं पडलं.

हे ऐकून काकू आमच्या बावन्न किलोकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. ‘याला पैलवान म्हणणार?’

‘म्हणतील की. सांगलीचा आहे ना.’

‘मग निदान कवठेपिरानच्या मारुती मानेंचं नाव तरी पाठ आहे का रे तुला? हिंदकेसरी होते ते. विचारलं कुणी तर सांगता आलं पाहिजे.’

‘माहीत आहे, काकू.’

‘नुसतं माहीत असून भागत नाही. अजून दिवस आहेत जायला. रोज पहाटे पंचवीस जोर मार आणि इकडे ये, दोन अंडी देते. वहिनी, तुम्ही खात नसाल तर याला आमच्याकडे पाठवा.’